दोन डोळे, दोन पांढरे

उजव्या डोळ्याची पट्टी काढून घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मंडळी विहारात जायला निघाली होती. दारात उभी राहून पदर सारखा करीत होती, तेव्हा मी म्हणालो, "अगं, साडीला नीळ फार झाली. निळी दिसतेय."

ती म्हणाली, "नीळ घालायचं सोडून किती वर्षं झाली मला. तुमच्या डोळ्यालाच झालंय काहीतरी."

मी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्याने पाहिले तर तीच साडी नेहमीसारखी, जराशी पिवळट, दुधावरच्या सायीसारखी. मग डावा झाकून उजव्याने पाहिले. साडी चुन्याच्या निवळीसारखी पांढरी, आणि त्या पांढऱ्यात निळसर झाक. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. "उशीर होतोय, तुमचा खेळ चालू द्या," असे म्हणून ती निघून गेली. मी मात्र जागच्या जागी बसून राहिलो.

दुसऱ्या कोणी ही गंमत म्हणून सोडून दिली असती. मला सोडता येईना. कारण कोणता पांढरा पिवळ्यावर आहे आणि कोणता निळ्यावर, हे ओळखण्याच्या जोरावरच मी संसार केला. १९७४ साली मुंबईच्या एका गिरणीत रंगखात्यात बदली कामगार म्हणून लागलो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमची गिरणी माझ्यापुरती तरी पुन्हा उघडली नाही. दोन वर्षे मिळेल ते काम केले. मग भिवंडीकडे कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात लागलो, तो २०१७ पर्यंत तिथेच. शेवटची अठरा-वीस वर्षे माझे काम एकच होते, शेड तपासण्याचे. पार्टीने दिलेला नमुना एका हातात, मशीनवरून आलेल्या ताग्याचा तुकडा दुसऱ्या हातात, आणि उत्तरेकडच्या खिडकीशी उभे राहायचे. तिथे ऊन थेट येत नाही, उजेड एकसारखा असतो. जुळले तर लॉट पुढे, नाही तर पुन्हा रंगात. कारखान्यात मला सगळे 'डोळेवाले काका' म्हणत. मास्तरसुद्धा म्हणत, "डोळेवाल्यांना दाखवून घ्या." खोटे कशाला सांगू, मला ते नाव फार आवडायचे.

पट्टी काढताना डॉक्टरबाईंना मी विचारले होते, हे सगळे इतके निळे का दिसते म्हणून. त्या म्हणाल्या, "काका, डोळ्याच्या आत एक भिंग असतं. वय होतं तसं ते पिवळं पडत जातं. पिवळ्या काचेतून निळा उजेड नीट येत नाही. आम्ही ते काढून स्वच्छ भिंग बसवलं, म्हणून अडलेला निळा आता आत येतोय." मी विचारले, "पण मला कळलं कसं नाही?" त्या म्हणाल्या, "हळूहळू होतं ना! मन सवय करून घेतं. रोजचं पांढरं तेच पांढरं वाटतं." "किती वर्षं झाली असतील?" त्या हसल्या. "दहा असतील, पंधरा असतील. ते कसं सांगणार?"

मी बोटांवर मोजू लागलो आणि २०१६ साल आले तिथे थांबलो.

माळ्यावर माझी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जुन्या वह्या आहेत. तपासलेल्या प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा आणि पार्टीच्या नमुन्याचा बोटभर तुकडा शेजारी शेजारी चिकटवून ठेवायची माझी सवय होती. खाली तारीख आणि माझी सही. २०१६ ची वहीही तिथेच होती. आठ दिवस मी त्या पेटीला हात लावला नाही.

त्या आठ दिवसांत काय केले ते आधी सांगतो, कारण वही उघडायची ताकद तिथूनच मिळाली.

आमच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. ते झाल्यावर एक निवृत्त प्राध्यापक अर्धा तास बोलतात. मागे एका वर्षी ते 'प्रत्यक्ष' या विषयावर तीन रविवार बोलले होते. तेव्हा अर्धे डोक्यावरून गेले. बायका उठून गेल्या, पोरे पेंगली. आता मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटले, "सर, जयभीम. साडी एक आणि पांढरे दोन. खरे कोणते?" सरांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा दोनदा केला.

ते म्हणाले, तथागतांनी पाहणे ही क्रिया कशी फोडून दाखवली आहे ते आधी बघा. डोळा आहे, समोर रूप आहे, आणि त्या दोघांच्या आधाराने उठणारी जाणीव आहे. तिन्ही एकत्र आले की त्याला स्पर्श म्हणतात. एक जरी बदलला तरी दिसणे बदलते. तुमचा डोळा बदलला म्हणून पांढरा बदलला, यात नवल कसले?

हे मला लगेच पटले, कारण रंगखात्यात हे रोज भोगलेले आहे. खिडकीशी तंतोतंत जुळलेले दोन तुकडे पिवळ्या बल्बखाली नेले की एक लालीवर जातो, दुसरा हिरव्यावर. कापड तेच, रंगाची पुडी तीच, डोळाही तोच. बदलला फक्त उजेड. नवी पोरे गोंधळून विचारायची, "काका, मग याचा खरा रंग कुठला?" मी ठोकून द्यायचो, "पार्टी ज्या उजेडात बघते तो!" उत्तर विनोदाचे होते, पण त्यात बराच अर्थ होता असे आता वाटते. रंग कापडावर धुळीसारखा पडलेला नसतो. कापड, उजेड आणि डोळा यांच्या भेटीत तो होतो.

मग जे दिसते ते बाहेर असते की नाही? सर म्हणाले, यावर आपल्या आचार्यांमध्येच शेकडो वर्षे वाद चालला. वैभाषिक म्हणाले, बाहेरची वस्तू आहे आणि ती आपल्याला सरळ कळते. सौत्रांतिक म्हणाले, वस्तू आहे, पण ती क्षणभराची. आपल्याला कळेपर्यंत ती गेलेली असते. मनावर तिचा ठसा उरतो आणि ठशावरून आपण ती होती असे अनुमान करतो. विज्ञानवादी आणखी पुढे गेले. आचार्य दिङ्नागांनी 'आलंबनपरीक्षा' नावाचा एक छोटा ग्रंथच लिहिला आणि दाखवले की, जाणिवेबाहेरची म्हणून जी वस्तू तुम्ही धरून बसला आहात ती पारखू गेले तर हाती लागत नाही. मला हे शेवटचे काही पटले नाही, आणि मी सरांना तसे सांगितले. उकळत्या रंगाचे पाणी हातावर सांडले की फोड येतो. त्याचा रंग कोणाला कसा दिसो, फोड तर येतोच. सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "धर्मकीर्तीही जवळजवळ हेच म्हणतात! जे काम करून दाखवते ते खरे."

दिङ्नाग पाचव्या-सहाव्या शतकातले. धर्मकीर्ती त्यांच्या नंतरचे, त्यांच्याच परंपरेतले. या माणसांचे ग्रंथ आपल्या देशातून नाहीसे झाले होते. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन तिबेटमध्ये वारंवार गेले आणि तिथल्या मठांतल्या जुन्या पोथ्यांमधून धर्मकीर्तींचा 'प्रमाणवार्तिक' मूळ संस्कृतात पुन्हा हाती आला. ज्या मातीत लिहिला तिथे जपता आला नाही, तो बर्फात राहिला.

दिङ्नागांचे म्हणणे सरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. ते म्हणतात, ज्ञानाची साधने दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्ष म्हणजे ज्यात कल्पना मिसळलेली नाही ते. आणि कल्पना म्हणजे काय? दिसलेल्या गोष्टीला नाव जोडणे, ती अमक्या प्रकारची असे ठरवणे. डोळ्याला मिळते ते फक्त हे, इथले, आत्ताचे. 'ही गाय' हे मन म्हणते. डोळ्याने गाय कधी पाहिलीच नाही. त्याने पाहिले एक रूप. गाईपण मनाने वरून चिकटवले. आणि चिकटवण्याचे हे काम इतके झटपट होते की आपण दोन्ही मिळून 'मी पाहिले' म्हणतो.

या चिकटवण्याच्या प्रकारांत दिङ्नागांनी 'जाती' हा एक प्रकार सांगितला आहे. इथे घाई करू नये. या जागी जाती म्हणजे आपली जातपात नव्हे, गाईचे गाईपण, झाडाचे झाडपण अशा अर्थाने तो शब्द आहे. पण सर म्हणाले की पुढे वाद याच रस्त्याने जातपातीपर्यंत आला. ब्राह्मणपण डोळ्यांना दिसते का, असा चक्क प्रश्न आपल्या देशातल्या पंडितांनी शेकडो वर्षे घासला. कुमारिल भट्ट हे सातव्या शतकाच्या सुमाराचे मोठे मीमांसक. ते म्हणत, होय, दिसते; मात्र माणसाचे आईबाप कोण हे आधी माहीत असावे लागते, त्या माहितीच्या मदतीने डोळा ते ओळखतो. यावर बौद्धांचा रोख असा, की जे आधी कोणी सांगितल्यावाचून डोळ्यांना दिसत नाही, ते डोळ्यांनी पाहिले असे कसे म्हणता? ते ऐकलेले आहे. आणि बुद्धी जड झाल्याची जी लक्षणे धर्मकीर्तींनी मोजली आहेत, त्यांत जातीचा गर्व हे एक आहे.

हे ऐकताना मला मसूर स्टेशन आठवले. आपल्या घराघरांत ही हकिगत सांगितली जाते. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना सातारहून घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांकडे निघाले होते. न्यायला कोणी आले नाही म्हणून मुले मसूरच्या स्टेशनवर ताटकळत बसली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर जवळ आला, आपुलकीने चौकशी करू लागला. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? मुलाने भोळेपणाने खरे सांगितले. त्यासरशी मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरून निघून गेला. बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली छापली.

मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली, शंभर वेळा मुलांना सांगितली. पण डोळ्याच्या बाजूने तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. वाचक बंधू-भगिनींनो, तुम्हीही एकदा तशी पाहा. मास्तरने विचारण्याआधी जी मुले समोर होती तीच नंतरही होती. टोप्या त्याच, तोंडे तीच, उजेडसुद्धा तोच. रंगखात्याच्या भाषेत सांगायचे तर नमुन्यात काडीचाही फरक पडलेला नाही. मधे फक्त एक शब्द आला. आणि त्या शब्दानंतर मास्तरला दुसरीच मुले दिसू लागली. त्याला कोणी विचारले असते तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितले असते, की माझ्या डोळ्यांनी मी अस्पृश्य पाहिले. कुमारिलांचा सिद्धांत मसूरच्या फलाटावर असा चालला.

माझे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिकडे आपल्या माणसाला घेत नसत. कारण जुन्या धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक ओठाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाच्या ओठाला लागलेले सूत बाकीचे लावणार कसे? १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. मी आयुष्यभर सूत पाहिले, उजेडात धरून पाहिले, भिंगाखाली पाहिले. गाठ दिसते, डाग दिसतो, तेल दिसते. कोणाचा ओठ लागला ते दिसत नाही.

इथे माझ्या मनात एक शंका आली ती लिहून टाकतो. जे काम करते ते खरे, असे धर्मकीर्ती म्हणतात ना? मग जात तर केवढे काम करते! मसूरच्या मुलांना तिने रात्रभर तहानलेले ठेवले. वडिलांचा पगार तिने कमी ठेवला. मग ती खरी मानायची का? सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अंधारात दोरीला साप समजून माणूस पळतो, पडतो, पाय मोडतो. पाय खरा मोडतो. पण तो सापाने मोडला नाही, भीतीने मोडला. साप कुठे शोधायचा? दोरीत नाही, पळणाऱ्याच्या मनात. मला १९३६ सालचे बाबासाहेबांचे लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेले भाषण आठवले. जात ही काही पाडून टाकता येईल अशी विटांची भिंत नाही, तो मनातला एक समज आहे, असे त्यांनी तिथे मांडले आहे. मला वाटायचे, ही बोलण्याची एक पद्धत. आता वाटते, बाबासाहेबांनी तिथे दिसण्याचे शास्त्रच सांगितले होते. सगळी शंका फिटली असे मात्र म्हणत नाही. ज्याचा पाय मोडतो तो पळणारा नसून भलताच असतो, ही गोष्ट दोरी-सापाच्या दाखल्यात बसत नाही.

निघताना सर म्हणाले, "तुमच्या मोतीबिंदूचीही सोय शास्त्रात आहे बरं का! प्रत्यक्ष हे भ्रमरहित असले पाहिजे अशी अट धर्मकीर्तींनी घातली आणि भ्रम कशाने होतो तेही सांगितले. जळते कोलीत गरगर फिरवले की चक्र दिसते. नावेत बसले की काठावरची झाडे चालतात. आणि पहिलेच कारण सांगितले आहे तिमिर, म्हणजे डोळ्याचा रोग."

तिमिर हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि पेटी खाली काढली.

२०१६ साली आमच्या खात्यात एक पोरगा होता. वीस-बावीस वर्षांचा, आमच्याच वस्तीतला, आपलाच. मीच शब्द टाकून त्याला लावला होता. ताग्यातून तुकडा कापायचा, नमुन्याला टाचायचा आणि माझ्याकडे आणायचा, हे त्याचे काम. एकदा शाळेच्या गणवेशाचे फिकट करड्या रंगाचे कापड होते. मी खिडकीशी धरले आणि म्हणालो, "ओके." तो घुटमळला. म्हणाला, "काका, जरा निळ्यावर वाटतंय." मी म्हणालो, "मला शिकवतोस? तुझं लक्ष मोबाईलमध्ये." सही केली. लॉट गेला आणि आठ दिवसांत परत आला. शेड जुळत नाही, निळ्यावर आहे. मोठे नुकसान झाले. मालकाने विचारले, कोणी पास केला? मी म्हणालो, माझ्यासमोर आला तो तुकडा जुळत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. याने दुसऱ्याच ताग्यातून कापून आणला असणार.

मी खोटे बोललो नव्हतो. मला तसेच दिसले होते. आणि दिसले ते खरे धरले की पुढचे अनुमान आपोआप येते. पोराला त्याच दिवशी काढले. 'निष्काळजी' हे नाव असे चिकटले की जवळपासच्या कारखान्यांत त्याला कोणी उभे करीना. ठरत आलेले लग्न मोडले. त्याची आई विहारात आमच्या मंडळीशेजारी बसायची, ती दुसऱ्या टोकाला बसू लागली. मंडळीने मला तेव्हा एकदाच विचारले होते, "पोरगं खोटं बोलेलसं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "मी पाहिलंय." त्यावर ती काय बोलणार?

वहीचे पान काढले. अंधारात राहिल्यामुळे तुकडे बऱ्यापैकी टिकले होते. दोन्ही एकाच पानावर, एकाच पेटीत इतकी वर्षे. सकाळच्या उजेडात खिडकीशी धरले. डाव्या डोळ्याने पाहिले. जुळतात, अगदी जुळतात, आजही मी सही केली असती. मग डावा झाकला आणि उजवा उघडला.

निळ्यावर होता. जरासा नव्हे, चांगला निळ्यावर. मी ज्याला ओके म्हटले तोच हा तुकडा, खाली माझी सही. पोराने तुकडा बदलला नव्हता.

मंडळीला हाक मारली, तिलाही दाखवले. तिचा मोतीबिंदू माझ्या आधीच काढलेला. ती एकदम म्हणाली, "हा निळा, हा साधा." आणि मग पान कसले आहे ते कळल्यावर काही न बोलता आत गेली.

पहिले दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली. डोळा पिवळा पडला होता, त्यात माझा काय दोष? तिमिर म्हणजे रोगच. पण ती समजूत टिकली नाही. डोळ्याने चूक केली ती एवढीच, की दोन तुकडे सारखे दाखवले. पोरगा निळ्यावर म्हणाला तेव्हा मी पुन्हा तुकड्याकडे पाहिले का? नाही. मी पाहिले पोराकडे. आणि मला काय दिसले? कालचा पोर, मोबाईलवाला, मीच लावलेला. मास्तरला हाक मारली असती, लाइटच्या पेटीत तुकडे ठेवले असते, तरी काम झाले असते. पेटी दहा पावलांवर होती. पण डोळेवाल्याने पेटीला कशाला विचारायचे? पिवळे भिंग डॉक्टरबाईंनी अर्ध्या तासाच्या आत काढून टाकले. 'कालचा पोर' हे दिसणे मात्र भिंगात नव्हतेच.

तो पोरगा आता नालासोपाऱ्याला राहतो एवढे कळले. पत्ता त्याच्या आईकडूनच मिळवायचा होता. मंडळी गेली आणि घेऊन आली. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही.

दादरला गाडी बदलून नालासोपाऱ्याला उतरलो. सरळ त्याच्या घरी जायचे धाडस होईना, म्हणून रिक्षा करून आधी स्तूपाकडे गेलो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खोदले तेव्हा धातूंचा दगडी करंडा निघाला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही याच सोपाऱ्यात सापडले. जुन्या ग्रंथांतले सुप्पारक बंदर ते हेच. झाडाखाली बसलो आणि बाहियाची गोष्ट आठवली.

बाहिय दारुचीरिय हा इथला, या सोपाऱ्याचा. झाडाच्या सालीची वस्त्रे नेसून राही. लोक त्याला मान देत, अर्हत म्हणत, आणि ऐकून ऐकून त्यालाही तसेच वाटू लागले. मग एक दिवस त्याला उमगले की आपण अर्हत नाही आणि त्या वाटेवरही नाही. (हे त्याला एका देवतेने सांगितले असे कथेत आहे, तो भाग मी सोडून देतो. माणसाला स्वतःचे स्वतःला कळू शकते.) तो उठला आणि थेट श्रावस्तीला गेला. तथागत भिक्षेसाठी निघाले होते. ते म्हणाले, ही वेळ नव्हे. त्याने तीनदा विनवले. तेव्हा त्यांनी रस्त्यातच उपदेश केला, त्याचा आशय असा, की पाहशील त्यात पाहण्यापलीकडचे काही मिसळू नकोस, ऐकशील त्यात ऐकण्यापलीकडचे काही नको. मग त्यात 'तू' उरणार नाहीस. एवढ्यावर तो मुक्त झाला, असे उदानात आहे. पूर्वी मला वाटे, इतक्या लांब जाऊन मिळाले काय, तर चार वाक्ये. त्या दिवशी त्या झाडाखाली वाटले, लोकांनी दिलेले नाव काढून ठेवायला सोपारा ते श्रावस्ती एवढे अंतर लागतच असेल. मला तर स्टेशनपासूनचे दोन किलोमीटर जड गेले.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. तो पार्सल पोहोचवण्याच्या कामावर आहे, रविवार म्हणून घरी होता. लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. "या काका, जयभीम," म्हणाला. खुर्ची दिली. त्याच्या बायकोने पाणी आणले. मी इकडचे तिकडचे काही न बोलता पिशवीतून पान काढले आणि त्याच्या हातात दिले.

त्याने ते घेतले आणि पाय आपोआप खिडकीकडे वळले. उजेडाकडे पाठ न करता, तुकड्यांवर सावली न पाडता, मी शिकवले होते तसेच धरून उभा राहिला. बराच वेळ पाहत होता.

"निळ्यावर आहे," मी म्हणालो. "तू बरोबर होतास. मला दिसत नव्हतं."

"माहीत होतं मला," तो पान न सोडता म्हणाला. "त्याच्याआधी पण दोन लॉट तसेच गेले होते, पार्टीने चालवून घेतले. तुम्हाला दिसत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की, काका. 'जरा निळ्यावर वाटतंय' म्हणालो. अजून किती बोलणार? तुम्ही डोळेवाले."

चहा आला. त्याची मुलगी माझा काळा चष्मा मागत होती, तो तिला दिला. मी म्हणालो की त्या कारखान्यात अजून ओळखीची माणसे आहेत, हे पान घेऊन मालकाकडे जातो, आपल्या तोंडाने सांगतो. तो म्हणाला, "आता काय करायचंय तिथं? मला नाही यायचं परत." मग थोडा थांबून म्हणाला, "पण सांगा. माझी आई अजून त्या बाजूने जात नाही."

उठताना मी पान परत घ्यायला हात पुढे केला, तर त्याने ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले. "हे माझ्याकडे राहू दे," म्हणाला. खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "त्याच्या आधी जाऊन या मालकाकडे."